विळा, दात्र, सिकल

दिवाळीच्या आगेमागे चामोर्शी तालुक्यात धान कापणीला येतो. वैनगंगेकाठच्या बांध्यांमध्ये सकाळपासून माणसं वाकलेली असतात, कापलेल्या धानाच्या कडपा मागे पसरत जातात आणि प्रत्येकाच्या हातात विळा असतो. थंडीला सुरुवात होते तीही याच दिवसांत, आणि थंडीत एक जुनं दुखणं उसळतं. हातापायांच्या हाडांत, कमरेत, छातीत असा ठणका उठतो की दहा-बारा वर्षांचं पोर रात्रभर विव्हळतं. त्याला दवाखान्यात नेलं की केसपेपरवर जो शब्द लिहिला जातो, त्याचाही अर्थ विळाच आहे. पण बांधीतून धावत आलेल्या त्याच्या बापाला हे ठाऊक नसतं. त्याच्या लेखी तो 'सिकल' आहे, सरकारी माणसांनी गावात आणलेला एक शब्द.

विदर्भाच्या पूर्वेकडच्या या जंगलपट्ट्यात सिकलसेल हा शब्द आता मलेरियाइतकाच रुळला आहे. आशाताई तो बोलतात, शाळेच्या भिंतीवर तो असतो, सोयरिकीच्या बोलण्यांतही निघतो. आजाराचं नाव माणसाच्या आयुष्यात किती खोलवर जातं, ते पाहायचं असेल तर या शब्दाचा माग काढावा. तो शिकागोहून निघाला, कितीतरी भाषांमध्ये त्याने वेगवेगळे वेश घेतले, आणि झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली, छत्तीसगढी एकमेकींना चिकटून नांदतात अशा या गडचिरोली जिल्ह्यात तो परक्याच वेशात राहिला.

सुरुवात 1904 च्या डिसेंबरमधली. कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला वॉल्टर क्लेमेंट नोएल हा तरुण शिकागोच्या रुग्णालयात दाखल झाला. खोकला, ताप आणि पायांवर जखमांचे व्रण. त्याचं रक्त तपासताना अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरला लांबुळक्या, चमत्कारिक आकाराच्या तांबड्या पेशी दिसल्या. त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी ही नोंद 1910 मध्ये प्रसिद्ध केली आणि त्या पेशींचं वर्णन करताना विळ्याच्या आकाराची उपमा वापरली. आजाराला नाव त्यांनी दिलं नाही. ते 1922 मध्ये व्हर्न मेसन यांनी दिलं, सिकल सेल ॲनिमिया. नोएल तोवर राहिला नव्हता. शिक्षण पुरं करून तो ग्रेनाडाला परतला, तिथे दंतवैद्यकी केली आणि 1916 मध्ये न्यूमोनियाने गेला. ज्याच्या रक्तावरून या आजाराची नोंद झाली, त्याला आपल्या आजाराचं नाव कधी कळलंच नाही.

मला इथे थांबावंसं वाटतं. हे नाव सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्याने दिलं. काचेवर जे दिसलं त्याचं ते वर्णन आहे, त्यात दुखणं कुठेच नाही. ॲनिमिया हा शब्द रक्ताची उणीव सांगतो, सिकल हा आकार सांगतो. हाडात शिरणारी कळ, जी हे पोर आयुष्यभर ओळखतं, ती नावाबाहेर राहिली.

आफ्रिकेत उलट घडलं होतं. घानाचे वैद्य फेलिक्स कोनोटे-अहुलू यांनी दाखवून दिलं की त्यांच्या देशातल्या जमाती हा आजार कित्येक पिढ्यांपासून वेगळा ओळखत होत्या आणि त्याला त्यांची स्वतःची नावं होती. गा भाषेत च्वेच्वेएच्वे, फांटीत न्वीवी, एवेत नुईदुदुई, त्वीत आहोतुतुओ. ही नावं नुसती कानावर पडू द्या. पुन्हा पुन्हा येणारे तेच आघात, तेच कुरतडणं या द्विरुक्तीतच ऐकू येतं. कोनोटे-अहुलू यांनी आपल्याच घराण्यात हा आजार 1670 पर्यंत मागे नेऊन दाखवला, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणाला हे दुखणं होतं ते नावानिशी लक्षात ठेवलेलं होतं. शिकागोच्या काचेवर पेशी दिसण्याच्या सव्वादोनशे वर्षं आधीपासूनची ही नोंद आहे, आणि ती कागदावर नसून तोंडी आहे.

मराठी माणसाला ही रीत परकी नाही. ठसठस, चरचर, सणसण, झिणझिण्या, अंगात कणकण, डोक्यात घणघण. दुखणं सांगायला आपली भाषा आवाजाचाच आधार घेते आणि तो आवाज दुणावते. मराठीने स्वतः या आजाराचं नाव ठेवलं असतं तर ते बहुधा याच घरातलं निघालं असतं.

युरोपीय भाषांनी मात्र विळा सोडला नाही, फक्त आपापला विळा उचलला. इंग्रजीतला सिकल हा लॅटिनमधल्या कापण्याच्या धातूवरून आलेला. फ्रेंचांनी ग्रीक शब्द घेतला. ग्रीकमध्ये विळा म्हणजे द्रेपानोन, म्हणून आजार द्रेपानोसितोज. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या देशांत आज हेच नाव चालतं. सिसिली बेटावरच्या त्रापानी या शहराचं नावही याच द्रेपानोनवरून पडलं, तिथल्या जमिनीची वळलेली जीभ विळ्यासारखी म्हणून. आणि सिसिलीत हा आजारही आहे. पोर्तुगीज आणि स्पॅनिश यांनी लॅटिनचा दुसरा विळा घेतला, फाल्क्स, त्यावरून फाल्सिफोर्मे. जर्मनांचा झिशेल इंग्रजी सिकलचा सख्खा भाऊ. अरबीत विळा म्हणजे मिंजल, आणि रक्तक्षयाला तिथे रक्ताचं दारिद्र्य म्हणतात. त्यातला 'फक्र' आपल्या फकीर शब्दातलाच. टांझानियातल्या स्वाहिलीने केलेला जोड मला सगळ्यांत आवडतो. सेलीमुंडू. त्यात सेली हे इंग्रजीतल्या सेलचं रूप, आणि मुंडू हे तिथल्या शेतकऱ्याच्या हातातलं हत्यार. अर्धा शब्द प्रयोगशाळेचा, अर्धा शेतातला, आणि उच्चारताना जीभ कुठे अडखळत नाही.

लॅटिनच्या त्या फाल्क्सचं पातं गडचिरोलीत दुसऱ्या बाजूनेही आलं आहे. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांचा मोठा वाटा वर्षानुवर्षं याच जिल्ह्याचा राहिला, आणि त्यातला जीवघेणा प्रकार म्हणजे फाल्सिपेरम. नाव 1897 मध्ये विल्यम वेल्च यांनी दिलं. या परजीवीची रक्तातली एक अवस्था चंद्रकोरीसारखी वाकडी दिसते, म्हणून विळा प्रसवणारा या अर्थाचं ते लॅटिन नाव. म्हणजे या जंगलातल्या दोन मोठ्या आजारांच्या नावांत एकच हत्यार आहे.

हा निव्वळ योगायोग आहे, पण दोघांचं रक्ताचं नातं खरं आहे. ज्या माणसाला आईबापांपैकी एकाकडूनच सिकलचा जनुक मिळतो, त्याला फाल्सिपेरमचा जीवघेणा तडाखा बराच कमी बसतो. अशा तऱ्हेची कल्पना थॅलेसेमियाच्या संदर्भात जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस मांडली. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. सिकलच्या बाबतीत ती अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत अभ्यास करून 1954 मध्ये सिद्ध केली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने माणसं मारली, तिथे हा जनुक टिकून राहिला. मध्य भारताचं जंगल त्यातलंच. चामोर्शीच्या एखाद्या पोराला आज जो ठणका सोसावा लागतो, त्याच्या मुळाशी त्याच्या पूर्वजांना जगवणारी गोष्ट आहे. हे त्या पोराच्या आईबापांना समजेल अशा शब्दांत सांगितलंच पाहिजे, कारण ज्या घरात हा आजार निघतो त्या घराला पहिल्यांदा वाटतं ते हेच, की आपल्या रक्तात काहीतरी पाप आहे.

हिवतापाच्या शब्दांकडे जरा वळू, कारण त्याच्या बाबतीत भाषा वेगळी वागली. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा. डास सापडण्याआधीची समजूत त्या नावात गोठून राहिली. पण इथल्या भाषांकडे आधीपासून आपले शब्द होते आणि ते अंगाला काय होतं ते सांगणारे होते. मराठी हिवताप म्हणजे हिव भरून येणारा ताप, तेलुगूत चलि ज्वरम म्हणजे तेच, बंगालीत पालाज्वर, म्हणजे आपला पाळीचा ताप. म्हणून सरकारलाही जिल्हा हिवताप अधिकारी हे पद मराठीत सहज मिळालं. जुन्या वैद्यकात विषमज्वर हा शब्द अशाच अधूनमधून येणाऱ्या तापांसाठी होता, मराठीत तो टायफॉइडकडे गेला. आणि औषधाचं नाव तर दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतल्या सालीच्या शब्दापासून निघून क्विनाइन होऊन आलं आणि मराठी तोंडात कोयनेल झालं. जुन्या माणसांना कोयनेलची कडू चव अजून आठवते. हिवताप दर पावसाळ्यात, घरोघर, सगळ्यांना दिसत होता, म्हणून त्याला नाव होतं. सिकल घराघरांत विखुरलेला, कधी वात म्हणून, कधी कावीळ म्हणून, कधी नुसतंच अंगात रगत नाही म्हणून निभावून नेलेला. त्याचे तुकडे लोकांच्या भाषेत होते. झाडीबोलीत ळ ऐवजी र येतो, तेव्हा डोळे पिवळे झाले हे 'डोरे पिवरे' असं येतं. पण डोऱ्यांचा पिवळेपणा, हाडांचा ठणका आणि पोटात डाव्या बाजूला वाढलेला गोळा हे एकाच दुखण्याचे आहेत, हे सांगणारा शब्द नव्हता. ती गाठ सूक्ष्मदर्शकाने बांधली, आणि हे त्या परक्या नावाचं खरं श्रेय आहे.

संस्कृतकडे विळ्यासाठी दात्र हा शब्द होता. त्याची गोष्ट मोठी सुंदर आहे. यास्काने निरुक्तात लिहून ठेवलं आहे की कापणे या अर्थाचं क्रियापद पूर्वेकडचे लोक वापरतात आणि त्याच धातूचं दात्र हे नाम उत्तरेकडचे. बोलीभेदाची ही आपल्याकडची फार जुनी नोंद, आणि ती नेमकी विळ्याच्या शब्दावर आहे. पतंजलीनेही महाभाष्यात तीच दिली. तो दात्र गुजरातीत दातरडुं होऊन आणि हिंदीत दरांती होऊन शेतात टिकला. म्हणून हिंदीच्या परिभाषाकारांनी दात्र कोशिका अरक्तता असं नाव घडवलं तेव्हा त्यांच्या शेतकऱ्याला निदान पहिल्या शब्दाची ओळख लागू शकत होती. मराठी शेतात दात्र नाही. दात्रपेशी म्हटलं की मराठी माणसाला इंग्रजी शब्दाइतकंच परकं वाटतं, वर उच्चारायला अवघड. विळापेशी त्या मानाने बरा, पण विदर्भात पेशी म्हटलं की पहिल्यांदा कोर्टाची तारीख आठवते. परिभाषा घडवणाऱ्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. तरीही हे दोन्ही शब्द कोशातच राहिले याचं वाईट वाटत नाही. सिकलसेल लोकांनी उचलला, कारण तो तपासणीबरोबर, सुई टोचणाऱ्या सिस्टरबरोबर दारात आला. छत्तीसगडमध्ये त्याचं सिकलिन झालं आहे, आपल्याकडे नुसतं सिकल. जो शब्द दवाखान्यातल्या चिठ्ठीवर आणि गावातल्या तोंडात एकच आहे, तो रुग्णाच्या उपयोगाचा असतो.

भारतात या आजाराची पहिली नोंद 1952 ची, निलगिरीच्या आदिवासींमधली. लेहमन आणि कटबुश यांची. त्याच साली आसामच्या चहामळ्यातल्या मजुरांमध्येही तो दिसला. नागपूरकडून शुक्ला आणि सोलंकी यांनी 1958 मध्ये मध्य भारताची नोंद जगापुढे ठेवली. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातल्या आदिवासी पाड्यांवर वर्षानुवर्षं रक्त तपासलं आणि भिल्ल, पावरा, प्रधान, माडिया अशा जमातींमध्ये वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्क्यांपर्यंत जातं हे दाखवलं. त्यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. विदर्भात हा जनुक आदिवासींपुरता नाही, दलित आणि इतर मागास समाजांतही तो आहे. सिकल म्हणजे अमुक एका जातीचा रोग, हे बोलणं म्हणून खोटं आणि दुखावणारंही.

डॉ. अभय आणि राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत आले, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या अभ्यासांत सिकलसेल होता. तो अभ्यास शास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा ठरला, तरी लोकांना ती आपली गरज वाटत नव्हती, हे डॉ. बंग यांनी जाहीरपणे सांगितलं आहे. बालमृत्यूंच्या कामात त्यांनी मग वेगळी वाट धरली. बाळाला न्यूमोनिया झाला की इथल्या बाया 'डब्बा' झाला म्हणतात. तो शब्द धरून, अक्षरओळख नसलेल्या दाईलाही श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं साधन करून गावातच उपचार झाले, आणि मृत्यू घटल्याचं 1990 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. पलीकडे हेमलकशाला 1973 पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे माडिया शिकत शिकत रुग्ण पाहत होते. या जिल्ह्यात ज्यांचं काम टिकलं, त्यांनी आधी लोकांची भाषा कानात साठवली.

आता तपासणीकडे पाहू. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा अगदी छोटा थेंब परीक्षानळीतल्या द्रावणात टाकतात. नळीच्या मागे रेघा मारलेला कागद धरतात. पाचेक मिनिटांनी द्रावण स्वच्छ राहून रेघा दिसल्या तर निर्धास्त. गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. ही सोल्युबिलिटी टेस्ट. ती करताना घरची बाई नळीकडे टक लावून पाहत असते आणि रेघा पुसल्या गेलेल्या तिला सिस्टरच्या आधी दिसतात. मग पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, आणि निकाल दोन अक्षरांत. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. एएसला पिवळं कार्ड, एसएसला लाल.

इथे शब्दांनी घात होऊ शकतो. वाहक म्हणजे एसटीतला कंडक्टर, हा अर्थ गावात पक्का आहे. त्यामुळे सिकलसेल वाहक म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस रोग घेऊन फिरतो, इकडून तिकडे पोचवतो. खरं तर वाहक आजारी नसतो, त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. पण पिवळं कार्ड असलेल्या मुलीची सोयरीक याच समजुतीपायी मोडू शकते, आणि मुलाकडचं पिवळं कार्ड लपवलं जाऊ शकतं. दोघंही वाहक असतील तर दर खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक. हे नीट समजावलं नाही तर घरचे समजतात की एक आजारी निघालं, आता पुढची तिघं चांगली. दर खेपेला नव्याने चारात एक, हे सांगायला समुपदेशकाला वेळ हवा आणि त्या घरातली भाषा हवी.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांखालच्या 7 कोटी लोकांची तपासणी, आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट. तपासणी आणि पैसा यांचं मनापासून स्वागत केलं पाहिजे. निर्मूलन हा शब्द मात्र मला खुपतो. देवीचं निर्मूलन झालं, ते एका विषाणूचं. सिकल हा माणसाच्या रक्तात, त्याच्या आईबापांनी दिलेल्या वारशात आहे. लाल कार्ड खिशात घेऊन कॉलेजला जाणाऱ्या मुलाने निर्मूलनाचा फलक वाचावा आणि त्यात स्वतःला शोधावं, हे बरं नाही. महाराष्ट्राच्या कार्यक्रमाच्या नावात नियंत्रण हा शब्द होता, तो माणसाला जागा ठेवणारा आहे. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया, लहानपणी जंतुसंसर्गापासून बचाव, वेळेवर रक्त; एवढं मिळालं तर एसएसची मुलं मोठी होतात, संसार करतात.

चामोर्शी आणि मुलचेराकडच्या बंगाली गावांचा प्रश्न निराळा आहे. पूर्व बंगालमधून आलेल्या या निर्वासित कुटुंबांच्या भाषेत विळा म्हणजे कास्ते. पण बंगाल्यांमध्ये हिमोग्लोबिन ई आणि थॅलेसेमिया यांचं प्रमाण अधिक असतं, आणि रेघांची ती नळी ते दोन्ही पकडत नाही. थॅलेसेमिया हे नाव 1932 मध्ये समुद्राच्या ग्रीक शब्दावरून दिलं गेलं, भूमध्य समुद्राकाठच्या मुलांमध्ये तो आधी दिसला म्हणून. समुद्राचं नाव असलेला आजार जंगलातल्या तलावांकाठीही वस्तीला आहे, तर इथल्या तपासणीत त्यालाही जागा हवी.

करण्याजोगं एक काम फार खर्चाचं नाही. लाल कार्डाबरोबर एक कागद द्यावा, घरातल्या भाषेत लिहिलेला. झाडीबोलीत एक, माडियात एक, तेलुगूत, बंगालीत, छत्तीसगढीत. त्यावर आजाराची व्याख्या नको. ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. श्वास लागला किंवा छातीत कळ आली, तर लगेच निघा. डाव्या बरगडीखालचा गोळा रोज हाताने चाचपून पाहा, एकाएकी वाढला तर दवाखाना गाठा. एका अंगाची शक्ती गेली, तोंड वाकडं झालं, तर एक तासही घालवू नका. कापणीच्या दिवसांत पोराला उन्हात नेलंत तर तहान लागण्याआधी पाणी पाजा, पहाटेच्या थंडीत अंगभर झाका. हा कागद लिहायला मुंबई-पुण्याचा भाषांतरकार बोलावू नये. ठणक्याला आपल्या गावात काय म्हणतात ते ठाऊक असलेल्या आशाताई, लाल कार्डवाल्या पोरांच्या आया आणि ती पोरं स्वतः यांना एका खोलीत बसवावं, आणि त्या जे बोलतील ते तसंच उतरवून घ्यावं.